गुडघ्यासाठी घेतलेली गाडी

शाळेच्या गणवेशात मागच्या सीटवर पेंगणारी ताई मोठी होऊन मालकीण झाली, तरी ड्रायव्हरकाकांचा दुखरा गुडघा तिच्या नजरेतून सुटला नाही. तिने क्रूझ कंट्रोलवाली नवी गाडी घेतली. "खास तुमच्या पायासाठी हं, काका! एकदा वेग लावून दिला की ॲक्सिलरेटर दाबत बसायला नको." काकांना भरून आलं. "पोटच्या पोरानं नसतं केलं एवढं," ते घरी जाऊन बायकोला म्हणाले.

महिन्याभराने ताई स्वतःच स्टिअरिंगवर बसली. "मलाही शिकवा ना!" काकांनी जीव ओतून शिकवलं. रस्ता मोकळा असेल तरच बटण दाबायचं, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचं, पाऊस किंवा वळण दिसलं की आधी ते बंद करायचं. "आणि पाय कायम ब्रेकजवळ, ताई. गाडी सुरळीत चाललीय म्हणून बेसावध राहायचं नाही."

त्या संध्याकाळी तिने गाडी दारात सफाईने लावली आणि किल्ली काकांच्या पुढे केलेल्या हातात न देता पर्समध्ये टाकली.



"जमलं की हो मला! सोमवारपासून तुमच्या गुडघ्याला कायमचा आराम, काका."