एकेचाळिसावी गाठ

राष्ट्रदिनाच्या सोहळ्यासाठी हुतात्म्यांच्या नावांचा मखमली पडदा तयार झाला होता. कारखान्यातल्या मावशींनी सोनेरी दोऱ्याने मशीनवर भरलेली एकेचाळीस नावे. भरतकामातला आळस पाठच्या बाजूला लपतो, म्हणून कारखान्याच्या मालकीणबाईंनी पडदा नेहमीप्रमाणे उलटा अंथरला आणि प्रत्येक गाठीवरून बोट फिरवले. चाळीस गाठी घट्ट होत्या. शेवटच्या नावामागे मात्र वीतभर दोरा तसाच लोंबत होता.

"मावशी, डोळे दाखवून या बरं एकदा. ही गाठ विसरलात."

"विसरले नाही. सोडलीय."

"अहो, कुणी नुसता दोरा ओढला तरी अख्खं नाव उसवेल!"

"वाऱ्यानं नाही उसवत. करून पाहिलंय मी."

मालकीणबाईंनी पडदा सुलटा करून नाव वाचले. ते मावशींच्या मुलाचे होते. सीमेवरून तीन वर्षे बेपत्ता असलेल्या त्या मुलाला सरकारने यंदा हुतात्म्यांच्या यादीत घातले होते.



"पण मावशी," मालकीणबाईंनी हलकेच विचारले, "ओढणार कोण?"

मावशींनी मशीनच्या सुईत पुढचा दोरा ओवला.

"तोच. आला की, स्वतःच्या हातानं."