धर्मपित्याने दिलेलं नाव

"वादीच्या मुलीचे आपण धर्मपिता आहात, असं ऐकतो," हॉटेलचा वकील अदबीने म्हणाला. "तसं असेल, तर हा दावा दुसऱ्या न्यायाधीशांकडे जायला हवा."

बाकावर बसलेल्या वादीने, हाम्बिसने, खुशीत मान डोलावली. जाऊ दे की दुसरीकडे! म्हणजे न्यायाधीश लोइझूसाहेबांना स्वतः साक्ष देता येईल. हॉटेलशी वाद असलेली ऑलिव्हची बाग हाम्बिसने विकत घेतली, तो सौदा डोळ्यांनी पाहिलेला तेवढाच एक माणूस आता जिवंत होता.

तेव्हा, चाळीसेक वर्षांपूर्वी, लोइझू पाफोस शहरातला नवखा वकील होता. खरेदीखत त्यानेच लिहिलं, नोंदवून आणतो म्हणून त्यानेच नेलं. मग निवडणूक आली. खासदार व्हायचं तर गावोगाव नाती हवीत. हाम्बिसच्या तान्ह्या मुलीचा धर्मपिता व्हायला तो आपण होऊन आला. पहिल्या मुलीला आजीचं नाव द्यायची रीत. बाप्तिस्म्याच्या दिवशी हाम्बिसची आई मारिक्कू चर्चमध्ये अगदी पुढे, कान टवकारून बसली होती. "माझी आई नुकतीच गेली हो," लोइझू हळूच म्हणाला. धर्मपित्याचा शब्द कोण मोडणार? पाद्र्याने लोइझूच्या आईचं नाव उच्चारलं, कालिओपी. घरात आपल्या नावाची हाक न ऐकताच म्हातारी गेली. गावाने मात्र लोइझूला झाडून मतं दिली.

आता तेच लोइझू न्यायाधीश होऊन न्यायासनावर चष्मा पुसत होते. हाम्बिसकडे त्यांनी पाहिलं नाही.

"निवडणुकीच्या धामधुमीत किती पोरांना चर्चमध्ये बाप्तिस्म्याचं तेल लावलं, कोण लक्षात ठेवतो? या कुटुंबाशी माझं काही नातं नाही."

हाम्बिसचा वकील ताडकन उठला. हाम्बिसने त्याचा झगा ओढून त्याला खाली बसवलं. "गप बसा हो! माणूस आपला आहे. काहीतरी असेल त्यांच्या डोक्यात."

महिन्याभराने निकाल लागला. खरेदीखत कधी नोंदवलंच गेलं नव्हतं. मूळ मालकाच्या मुलांनी तीच बाग हॉटेलला विकली होती. वादीकडे कागद नाही, साक्षीदार नाही. बाग हॉटेलची.

नोंदवायला कोण विसरलं, ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाने निकाल वाचला होता. बाग गेली ती गेलीच, पण आपण स्वतःच्या हाताने वकिलाला गप्प बसवलं, हे हाम्बिसला जास्त लागलं.

कोर्टाच्या मागच्या जिन्यात लोइझूंनी बापलेकीला गाठलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला.

"कालिओपी, बाळा, बाबाला समजाव. माझा नाइलाज होता गं."

हाम्बिसने तो हात उचलून बाजूला केला.

"कोण कालिओपी, साहेब?" तो म्हणाला आणि पायऱ्या उतरू लागला. खाली पोचल्यावर त्याने मागे न बघता हाक मारली, "मारिक्कू, चल गं घरी!"

चाळिशीला आलेल्या लेकीने, आयुष्यात पहिल्यांदाच, त्या नावाला ओ दिली.