डेऱ्यातली ऊब

फसली १३२१, म्हणजे इंग्रजी १९११-१२ सालच्या कडाक्याच्या थंडीत पाटोद्याच्या बद्रीनाथानं एक बेडूक जगवला. बेडूक त्याच्या लेकीनं, केसरनं पाळलेला, मातीच्या मोठ्या डेऱ्यात ठेवलेला. नऊ वर्षांची केसर लग्न होऊन तलवाड्याला नांदायला गेली, पण जीव तिचा या बेडकात अडकलेला. म्हणून बद्रीनाथ रोज उठून डेऱ्यातली माती भिजवायचा, तोंडावर ओलं गोणपाट टाकायचा आणि चुलीतली गरम राख डेऱ्याभोवती पसरायचा.

संक्रांतीला केसर माहेरी आली. टाचा भेगाळलेल्या, पाठीवर वळ. बद्रीनाथानं पाठीकडं बघायचं टाळलं आणि गोणपाट उचललं.

"बघ बाई, लई जपलंय तुझ्या बेडकाला."

केसरनं डेऱ्यात हात घातला. आतली माती ओली होती, उबदार होती. हात तिनं बराच वेळ तिथंच ठेवला.

"आबा, मला धाडताना तिकडं कुणाला सांगितलं व्हतं का, हिला जपा म्हून?"

बद्रीनाथ डेऱ्याभोवतीची राख सारखी करायला लागला.



तिला धाडताना व्याह्यापुढं हात जोडून तो एवढंच म्हणाला होता, "हाणा, मारा, पन पोरीला नांदवा."