संथ भागातले सूर

फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर लुबोर ओलोमोउत्सच्या वाद्यवृंदात परतला, तो द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीसाठी. एवढ्या मोठ्या सिंफनीत त्याच्या ट्यूबाला, फुंकून वाजवायच्या त्या अगडबंब पितळी वाद्याला, काम फक्त दुसऱ्या, संथ भागात, तेही मोजक्याच सुरांचं. पण त्याचा सगळ्यात जास्त जीव होता तो याच सुरांवर. लांब, खोल आणि अगदी हळू वाजवायचे सूर. दम जरा कमी पडला की थरथरायला लागतात.

"मध्येच सूर तुटला तर?" स्टेजवर जाता जाता त्याने विचारलं.

शेजारी बसणारा व्हिलेम हसला. "अरे, माझ्या ट्रॉम्बोनला तेच सूर आहेत की! तुझा दम संपला तर संपू दे, कुणाच्या बापाला कळणार नाही."

त्या भरवशावर लुबोरने छाती भरून श्वास घेतला आणि नजर संचालिकेच्या छडीवर खिळवली. सूर लागला. जड, मऊ, जमिनीतून वर आल्यासारखा. शेवटपर्यंत पुरला. दोघांचा मिळून काय भरदार आवाज निघाला, या आनंदातच भाग संपल्यावर त्याने मान वळवली.

ट्रॉम्बोन व्हिलेमच्या मांडीवर आडवा पडलेला होता.

"तू वाजवलंच नाहीस?" लुबोर कुजबुजला.

"तू नव्हतास तेव्हा एकट्यानेच वाजवत होतो रे," व्हिलेमने डोळे पुसले. "आज मला ऐकायचं होतं."