गव्हाची अदलाबदल

"चपाती खा म्हणत नाही मी," खाणावळवाली नीराबाई ताटावर वाकून म्हणाली. "नुसती ताटात राहू दे. शोभेला."

गुणाजीनं ताट मागं ओढलं. "मावशी, डॉक्टरांनी सांगितलंय. गव्हाचा कणसुद्धा नको."

"माझी अख्खी हयात गव्हावर गेली. मेले का मी?"

खाणावळीतले बाकीचे हसले. नीराबाई जिवंत होती हे उघडच होतं. गुणाजीनं भातावर आमटी ओतून घेतली.

अलिबागच्या कॉलेजात येईपर्यंत त्यानं गहू खाल्ला तो होळीच्या पोळीपुरता. आगरदांड्याजवळच्या त्याच्या गावात भात पिकायचा आणि भातच शिजायचा. भाकरी व्हायची तीही तांदळाची. गहू म्हणजे पाहुण्यांचं किंवा आजारातून उठलेल्यांचं अन्न. होळीला घरात दोन पोळ्या झाल्या तर आई, काशीबाई, दोन्ही मुलालाच वाढायची. इथं रोज दोन्ही वेळा चपात्या मिळायला लागल्यावर आपण सुधारलो असं गुणाजीला वाटलं. सहा महिन्यांत तो काडी झाला. पोट फुगलं, जुलाब थांबेनात, परीक्षा बुडाली. जो तो सांगे, अंगात ताकद नाही, पौष्टिक खा. मग तो आणखी दोन चपात्या खाई.

शेवटी मुंबईहून महिन्यातून एका रविवारी येणाऱ्या डॉक्टरांनी गहू बंद केला. जन्मभरासाठी. महिन्याभरात गुणाजी माणसात आला.

पण साल एकोणीसशे पासष्ट होतं. रेशनवर तांदूळ नावाला, बाकी सगळा गहू. नीराबाईनं साफ सांगितलं, "तांदूळ घरून आण. शिजवून मी देईन." घरी वडील नव्हते, आई एकटी. सरकारला सक्तीनं द्यायची भाताची लेव्ही घालून घरात उरायचा तो एका माणसाच्या वर्षाचा तांदूळ. खाणारी माणसं दोन. तांदूळ मिळाला नाही तर गुणाजीला कॉलेज सोडावं लागणार होतं.

काशीबाईनं तांदूळ दिला. तक्रार नाही, चर्चा नाही. दिवाळीत गुणाजी घरी गेला तेव्हा त्याच्या ताटात भात होता आणि तिच्या वाडग्यात पेज. पेजेत शितं मोजून सापडली असती.

"आये, हे काय?"

"मला पेजच गोड लागते."

"कधीपासून?"

"तुझं पथ्य लागलं तवापासून."

सायन्सच्या विद्यार्थ्याला शोभेल असा तोडगा गुणाजीनं काढला. त्याच्या वाट्याचा रेशनचा गहू आईला, आईचा तांदूळ त्याला. त्यानं नीराबाईकडून कणीक मळायला शिकून घेतलं आणि पुढच्या खेपेला एसटीनं, मग साळावची खाडी तरीच्या होडीतून ओलांडून, पुन्हा एसटीनं दळलेलं पीठ घरी नेलं.

"तुला जे विष, ते मी खाऊ व्हय?" काशीबाई म्हणाली.

"अगो आये, खोड माझ्यात हाय, गव्हात न्हाय. अख्खा देश खातो."

कॉलेजात शिकणाऱ्या मुलापुढं तिनं वाद घातला नाही. पहिली चपाती नकाशासारखी झाली. दुसरी तिनं खाल्लीसुद्धा. "मऊ हाय रे. श्रीमंतावानी वाटतंय." गुणाजीनं तिसरी लाटायला घेतली. जन्मात पहिल्यांदा आई पोटभर पोळी खात होती, आणि ती त्याच्यामुळं.

माघात तो आला तेव्हा काशीबाईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तोंड आलं होतं. संध्याकाळी पायांवर सूज यायची. गुणाजीनं काय ते ओळखलं. ही पीठ शेजारी वाटून टाकते आणि आपण उपाशी राहते.

त्यानं शेजारच्या मनुबाईला गाठलं.

"खाते की!" मनुबाई म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत तीन-तीन चपात्या खाते. मला एक तुकडा देल तर शपथ!"

"मग अंगी का लागत न्हाय?"

"पोराच्या काळजीनं झुरते. दुसरं काय?"

म्हणजे ताकद कमी पडत होती. गुणाजीनं आईचं सगळं नीराबाईला सांगितलं, आणि त्या दिवसापासून नीराबाईनं त्याची चेष्टा करणं सोडलं. तिनं आपल्या घरचा चांगला गहू निवडून दळला आणि डबा त्याच्या हाती दिला. "यात रेशनचा कचरा नाही. म्हणावं, तूप लावून खा. आणि पंगतीत चेष्टा केली त्याचं मनावर घेऊ नको."

गुणाजी आता दर शनिवारी घरी जाऊ लागला. आईला समोर बसवायचा. चौथी चपाती ती नको म्हणायची, तो शपथ घालायचा. ती निमूट खायची, पाणी प्यायची आणि जरा वेळानं पडवीच्या मागं जायची. परत यायला तिला वेळ लागे. तोवर तो पुस्तक उघडायचा.

एप्रिलात परीक्षा झाली. पेपर चांगले गेले. चढणीवर आता त्याला दम लागत नव्हता. काशीबाईला मात्र घरातल्या घरात भिंत धरावी लागत होती. त्यानं तिला बैलगाडीनं, एसटीनं, तरीतून, जवळजवळ उचलूनच अलिबागला आणलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "पास होशील नं रे?"

रविवारी डॉक्टरांनी आधी गुणाजीला काट्यावर उभं केलं. वजन पाहून त्याची पाठ थोपटली. "शाबास. पथ्य असं पाळावं."

मग त्यांनी काशीबाईला जवळ बसवलं. पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेना. त्यांनी हळू आवाजात दोन प्रश्न विचारले. तिनं त्यांची उत्तरं मुलाकडं पाठ फिरवून दिली.

डॉक्टरांनी हात धुतले. कागद पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि मान वर न करता विचारलं, "आणि आईंचा गहू कधीपासून बंद केलास?"