नरम टायर

जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक उवेने माझ्यापुढे दोन टायर ठेवले. दोन्हींना रस्त्यावर परवानगी होती. एकाची बाजू कडक, रोजच्या वापराची. दुसऱ्याची नरम, ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या वेगाच्या शर्यतीसाठी. वजन पडलं की पसरून रस्त्याला चिकटणारी.

"नरम टायर पावसात धोक्याचे, फ्राऊ सबनीस."

शहाण्या बाईने कडक घेतले असते. मी नरम घेतले, कारण ह्यांनी तेच ठरवले होते. ह्यांना जाऊन वर्ष होईल. त्यांची दांडग्या इंजिनाची जुनी अमेरिकन मसल कार विकायला मला अजून जमलेलं नाही.

मागचे दोन्ही टायर बसवून उवेने गाडी खाली घेतली, तर डावा दबला. ड्रायव्हरच्या बाजूचा.

त्याने हवा तपासली. दोन्हीकडे सारखी होती. जॅकवर उचलली की टायर गोल, खाली ठेवली की पुन्हा दबलेला. फरशी सपाट होती आणि गाडी रिकामी.

"आल्झो... म्हणजे, आत कोणी बसल्यासारखं वाटतंय," उवे हसत म्हणाला. मग त्याने आत पाहिलं आणि हसायचा थांबला.

मी पर्समधून लिंबं काढली. नव्या टायरखाली लिंबं ठेवायचं काम नेहमी ह्यांचं. आज मीच वाकून दोन्ही टायरखाली एकेक दाबून बसवलं आणि ड्रायव्हरचं दार उघडलं.

"अहो, आज मी चालवणार," मी म्हटलं. "तुम्ही तिकडे सरका."

डावा टायर हळूहळू गोल झाला.

उजवीकडचं लिंबू फुटलं.