हैबतीच्या हातचे पावटे

हैबती डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या कापत होता आणि गोमाजीची नजर त्याच्या हातावरून हलत नव्हती. सुरी उजव्या हातात होती. गोमाजीचा थोरला भाऊ तर डावरा होता.

"डाव्या हाताचं काय झालं, दादा?"

"बोटीवरच्या खानसाम्यानं मोडली ती सवय," हैबती वर न बघता म्हणाला. "साहेबाच्या भटारखान्यात डावा हात चालत नाय."

उत्तर तयारच होतं. त्याची सगळीच उत्तरं तयार असत.

कापडे गावातल्या या घरातून हैबती गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. मुंबईला जायला तो पहाटेच दासगावच्या बोटीला निघाला, असं त्याची बायको साळूबाई सांगायची; पण मुंबईत गाववाल्यांच्या खोलीवर कधी कुणाला दिसला नाही. परदेशी बोटीवर लागला असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. त्याच्या वाट्याची शेती गोमाजी कसत राहिला. आणि गेल्या दिवाळीनंतर हा माणूस ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. उंची तीच, नाक तेच, चेहऱ्यावर देवीचे व्रण तेवढे नवे. गावानं नारळ फोडला. साळूबाई बराच वेळ उंबऱ्यात नुसती बघत राहिली, मग तिनं त्याच्या पायांवर पाणी घातलं.

शिमग्याच्या शिकारीत रानडुक्कर पडलं. घरच्या वाट्याला हैबतीनं मीठ आणि गूळ चोळला आणि चुलीवर धुराला टांगलं. साहेब लोक याला बेकन म्हणतात, असं त्यानं सांगितलं. आज भिजवलेले पावटे अर्धेकच्चे शिजवून त्यानं मडक्यात घातले. त्यात कांदा, काकवी, वाटलेली मोहरी आणि वर त्या पट्ट्या. मडक्याचं तोंड पिठानं लिंपून त्यानं ते निखाऱ्यांत पुरलं.

"दिवस मावळेपर्यंत हात लावायचा नाय," तो म्हणाला. "भाकरीशी तोंडी लावायला यासारखं दुसरं कायच नाय."

जुना हैबती चुलीकडे कधी फिरकला नव्हता. मीठ कमी पडलं तर ताट लाथाडायचा, आणि मग साळूबाईचं ओरडणं पार वरच्या वाडीपर्यंत ऐकू जायचं. हा मात्र जेवणवेळी तिला म्हणाला, "तू बस गो, मी वाढतो."

मुंबईला जाऊन माणूस एवढा बदलतो? गोमाजीचं मन घेईना. खरा दादा बोटीवर कुठंतरी मेला असणार आणि तिथल्या या सोबत्यानं त्याचं घर, बायको, शेती सगळंच उचललं असणार.

पावटे तांबूस, मऊ, चरबीत न्हालेले होते. चव चांगली होती, याचाच गोमाजीला जास्त राग आला.

"तुळसाआत्या पण असेच गोड करायची," तो सहज बोलल्यासारखं बोलला. "आठवते ना रे दादा?"

हैबतीचा घास क्षणभर थांबला. "न आठवायला काय झालं? तिच्या हाताची सर याला कुठली?"

गोमाजीनं भाकरी खाली ठेवली. तुळसा नावाची आत्या त्यांना नव्हतीच.

हैबती बैलांना पाणी दाखवायला गेला, तसा गोमाजी मागीलदारी आला. साळूबाई राखेनं मडकं घासत बसली होती.

"वयनी, ह्यो माझा भाऊ नाय. उद्याच महाडास्नं फौजदाराला घेऊन येतो."

ती रडेल, निदान दचकेल, असं त्याला वाटलं होतं. तिचा हात थांबलासुद्धा नाही.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "दारात उभा राहिला तवाच कळलं मला. मुंबईच्या गाववाल्यांकडनं घरचं ऐकून आला असंल."

"मग तवाच का नाय बोललीस?"

साळूबाईनं मडकं उपडं घातलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"ह्यो खोटा म्हटलं, तर फौजदार खऱ्याला हुडकायला लागणार," ती हळू आवाजात म्हणाली. "आणि तुमचा दादा मुंबईला गेलाच नव्हता, भावजी."